रोजच्या वापरासाठी एक टॅबलेट

शनिवार, १५ नोव्हेंबर. आजचं काम एवढंच : आईंसाठी परवडणारा, रोजच्या वापराचा एक टॅबलेट पाहून आणणे.

दुकानातला उजेड दवाखान्यासारखा पांढरा होता. बाहेर न्यू मार्केटात कोवळं ऊन पसरलं होतं, गजकच्या गाडीवरून तीळ-गुळाचा खरपूस वास येत होता, आणि आत काउंटरवर ओळीने मांडल्या होत्या काळ्या काचा. बंद टॅबलेट म्हणजे दुसरं काय असतं? काळी काच. प्रत्येकीत माझा चेहरा, वरच्या दिव्यांमुळे डोळ्यांखाली सावल्या पडलेला, वयापेक्षा थकलेला. एकीवर मी बोट ठेवलं. थंड, आणि किंचित चिकट. माझ्याआधी कितीतरी माणसांनी याच काचेवर बोटं फिरवून मान डोलावली असेल, जणू बोटाला काही कळलंच. मला काहीही कळलं नाही. मी दुसरीवर बोट ठेवलं. तीही थंड, तीही चिकट.

“यूज़ क्या रहेगा, मैडम?” दुकानदाराने विचारलं.

“रोज़ का.”

“रोज़ का मतलब? पढ़ाई, पिक्चर, मीटिंग? बच्चे के लिए है?”

“सास के लिए.”

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. “तो फिर कुछ भी चलेगा,” तो म्हणाला, आणि काउंटरवरच्या निम्म्या काचा त्याने उचलून मागे ठेवल्या.

कुछ भी चलेगा. माणूस वाईट नव्हता, मला सोपं करून देत होता. पण ते वाक्य मला बोचलं, आणि का बोचलं ते तिथे उभ्या उभ्या समजेना. मुलाला टॅबलेट हवा तर प्रश्नांची सरबत्ती, आणि म्हाताऱ्या बाईला हवा तर काहीही चालेल? आणि तरी खरं सांगायचं तर, नेमकं काय चालणार नाही, हे त्याने विचारलं असतं तर मला तरी कुठे सांगता आलं असतं? मी “फिर आती हूँ” म्हणून बाहेर पडले. हात हलवत बाजारातून परतणं माझ्या स्वभावात नाही. शाळेत गणित शिकवण्यात माझी हयात चालली आहे. उदाहरण समोर असलं की उत्तर काढायचं आणि पुढच्याकडे वळायचं, एवढंच मला येतं. पण उदाहरणात काय दिलं आहे आणि काय काढायचं आहे, हेच धड लिहिलेलं नसेल तर?

तुम्हाला आधी आईंविषयी सांगायला हवं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन नागपुराहून भोपाळला आल्या त्या थेट बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये, कारण सासरे कारखान्यात होते. पुढे आम्ही अवधपुरीत घर बांधलं, सासरे गेले, माझा नवरा अविनाश त्याच कारखान्यातून निवृत्त झाला, आणि आईंचं भोपाळ मात्र क्वार्टरच्या अंगणाएवढंच राहिलं. त्यांचं खरं बोलणं नागपूरशी होतं. तिथे त्यांची मोठी बहीण राहते. आई तिला ताई म्हणतात, आम्ही मोठ्या मावशी. घरात फोन आल्यापासून रोज दुपारी, जेवणं उरकली की, या दोघी बोलत आल्या आहेत. काय बोलतात, असं विचाराल तर मी सांगू शकणार नाही. कोहळ्याच्या वड्या वाळल्या का, शेजारच्या बाईने पुन्हा भांडण काढलं का, अमक्याच्या लग्नात तमकीने कोणती साडी नेसली होती. ती तमकी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नदीचं पाणी काय बोलतं असं कोणी विचारतं का? ते वाहतं आहे एवढं पुरे असतं.

दोन-तीन वर्षांपासून आईंना ऐकू येईनासं झालं. यंत्र आणलं. त्यातून भांड्यांची आदळआपट तेवढी मोठी होऊन येते आणि माणसाचं बोलणं आहे तिथेच राहतं, अशी त्यांची तक्रार. फोनजवळ नेलं तर ते शिट्टी वाजवतं. आता ते कपाटात आहे. डॉक्टर म्हणाले, यापुढे फार काही होणार नाही. आणि तरी आईंशी बोलताना आम्हाला कधी अडलं नाही, याचं मला नवल वाटायचं. मग याच पावसाळ्यात एका संध्याकाळी जेवताना दिवे गेले, आणि मी काही विचारलं तर आई म्हणाल्या, “काय म्हणतेस? ऐकू नाही आलं.” मी मोठ्याने विचारलं. तरी नाही. अविनाशने मोबाइलचा दिवा माझ्याकडे वळवला, मी तेच हळू आवाजात म्हणाले, आणि आईंनी लगेच उत्तर दिलं.

अंधार झाला की ऐकू येत नाही. म्हणजे आई आमचं बोलणं कधीपासून ऐकत नव्हत्याच, पाहत होत्या. ओठ पाहत होत्या. कोणी शिकवलं नाही, त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी ओट्याकडे तोंड करून त्यांच्याशी बोलायचं सोडलं.

दुपारचा फोन हल्ली आखूड का होत चालला होता, ते कोडंही हे कळल्यावर मला सुटलं, असं मला वाटलं. फोनवर ओठ कुठून दिसणार? म्हणून मी आईंना त्यांच्याच मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावायला शिकवला आणि नागपूरला मावशींनाही त्यांच्या सुनेकडून, संध्याकडून, शिकवायला लावला. आई फोन घेऊन आपल्या खोलीत बसत. दारातून जाता-येता मला दिसायचं, फोन डोळ्यांजवळ नेताहेत, लांब धरताहेत, तिरका करताहेत, कपाळाला आठ्या. आणि मग काही दिवसांनी त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. दुपारी मोबाइल वाजला की मला म्हणायच्या, “तिला सांग, मी झोपली आहे.” समोर बसून, वाती वळता वळता.

भाऊबीजेला मावशींनी माझ्या फोनवर फोन केला. “शुभा, खरं सांग,” त्या म्हणाल्या, “ती माझ्यावर रुसली काय? दिवाळीत मी त्या चकल्यांवरून बोलली, ते लागलं काय तिला? काहून बोलत नाही ती माझ्याशी?”

मी म्हणाले, “नाही हो मावशी, ऐकू कमी येतं त्यांना.”

“ते तर मलेबी कमी येते. मी बोलून राहिली ना?”

मला हळवेपणा जमत नाही. कोणी रडू लागलं की मी आधी पाणी आणते आणि मग कारण विचारते. पण चालती वस्तू बंद पडलेली मला पाहवत नाही, आणि हे तर घड्याळ किंवा पंखा नव्हता. दोन म्हाताऱ्या बहिणी, दोघी ऐंशीच्या पलीकडच्या. गुडघ्यांमुळे आईंचा प्रवास कधीच बंद झालेला, मावशींचा त्याच्याही आधी. यांची ही दुपार बंद पडली की दुसरी कोणती सुरू होणार होती? एक रुसव्याची चुकीची समजूत घेऊन बसणार, दुसरी झोपेचं सोंग घेऊन. आणि यातलं काहीच खरं नव्हतं. मी ठरवलं, फोन लहान पडतो आहे. मोठी काच आणायची. टॅबलेट.

इथवर माझं उत्तर बरोबर होतं, असंच मी धरून चालले होते.

मग सल्ले सुरू झाले. लेक ईशा हैदराबादला असते. तिने सांगितलं, “आई, रॅम देख. रॅम कम असेल तर हँग होईल, मग आजी वैतागेल. आणि पेनवाला हवा का? नको ना? कीबोर्ड? तू बस मला बजेट सांग ना यार, मी लिंक भेजते.” लिंका आल्या. प्रत्येक लिंकेत एक हसरं कुटुंब टॅबलेटभोवती बसलेलं, आणि प्रत्येक टॅबलेटखाली कोणीतरी लिहिलेलं की यापेक्षा चांगला टॅबलेट त्यांनी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्याच्याच खाली कोणीतरी लिहिलेलं की ही वस्तू घेऊ नका, पश्चात्ताप होईल. दोघांचेही शब्द प्रामाणिक वाटत. माणसाने कोणावर विश्वास ठेवावा? मी एकेक वाचत गेले आणि वाचता वाचता माझं मत दर वेळी शेवटच्या माणसासारखं होत गेलं. वर्गात अशा मुलांना मी कधी माफ केलेलं नाही.

अविनाशची गोष्ट वेगळी. तो कारखान्याच्या खरेदी विभागात होता. लिफ्टच्या दोरापासून चहाच्या कपापर्यंत सगळं त्याने निविदा काढून घेतलं आहे, आणि निवृत्त झाल्यावरही घरात तो मिक्सरचं भांडं तशाच गांभीर्याने आणतो. मी टॅबलेटचं नाव काढलं तर चष्मा वर सरकवून म्हणाला, “आधी इंडेंट दे.”

इंडेंट म्हणजे मागणीपत्र. त्यांच्याकडे ज्या खात्याला वस्तू हवी, त्या खात्याने ती कशासाठी हवी हे आधी लिहून द्यायचं, मग तांत्रिक छाननी, मग किमती उघडायच्या, आणि जे पात्र ठरतील त्यांतला सर्वांत स्वस्त तो घ्यायचा. “लिहून दिलंत की नंतर कोणी बोट दाखवू शकत नाही,” हे त्याचं आवडतं तत्त्व.

“इंडेंट मी कशाला देऊ? वस्तू आईंना हवी आहे,” मी म्हणाले.

“मग आईचा घे.”

मी आईंसमोर बसले, उजेडाकडे तोंड करून, आणि विचारलं, “आई, मोठा फोन आणू का तुम्हाला? त्यावर मावशी नीट दिसतील.”

“नको बापा,” त्या म्हणाल्या. “धूळ पुसायची एक वस्तू वाढेल.”

अविनाशने वर्तमानपत्रामागून सांगितलं, “युजर डिपार्टमेंटला गरज नाही. फाइल बंद.”

आता आमच्या घरातल्या बायकांच्या ‘नको’ला फाइल बंद करण्याइतकं वजन कोणी कधी दिलं आहे? दुसऱ्यांदा पोळी वाढताना येणारा ‘नको’ वेगळा, माहेरचा पाहुणा पैसे हातात ठेवतो तेव्हाचा वेगळा, आणि खरंच नको असतं तेव्हा तर आम्ही बोलतही नाही, उठून जातो. हा ‘नको’ यांतला कोणता, हे मला ओळखता आलं नाही. इतकी वर्षं एका घरात काढूनही ओळखता आलं नाही, याचा मला जरा रागच आला.

रात्रंदिवस अशी माहिती डोक्यात साचत गेली, आणि मला सारखी आठवण येत राहिली ती बरखेड्याच्या सोसायटीच्या दुकानाची. तिथे साबण एका जातीचा असे, बादली एका रंगाची, आणि निवड एवढीच की आज घ्यायची की पुढच्या महिन्यात. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही, ती बादली पहिल्या उन्हाळ्यातच तडकायची. पण ती घेताना माणसाला आपण मूर्ख आहोत असं वाटत नसे. परवडणारी वस्तू म्हणजे काय, याचाही अर्थ तेव्हा उघड होता : खिशात आहे तेवढ्यात येते ती. आता खिसा पुरला तरी डोकं पुरत नाही. स्वस्त घ्यावा तर बंद पडेल ही धास्ती, महाग घ्यावा तर आई हातसुद्धा लावणार नाहीत ही खात्री, आणि मधला घ्यावा तर मधले इतके आहेत की मधल्यांतही पुन्हा मधला शोधावा लागतो. टॅबलेट पाहिला की पाटीची आठवण येते असं लिहायचा मोह होतो. पण पाटीला चार्जर नव्हता आणि पाटी घेताना कोणी रॅम विचारला नव्हता, तेव्हा ते राहू दे.

तर असा सगळा गोंधळ घेऊन मी शनिवारी त्या दुकानात गेले होते आणि तसाच घेऊन परत आले.

घरी जेवताना अविनाश म्हणाला, “एवढी का चिडलीस? ट्रायल घेतली का?”

“कसली ट्रायल?”

“मोठी काच लागते हे तुझं अनुमान आहे. आम्ही ट्रायलशिवाय ऑर्डर देत नव्हतो. घरात टीव्ही आहे, त्याच्याएवढा टॅबलेट तर कोणी बनवत नाही. फोन टीव्हीवर लावू. आईला दिसलं तर मग खाली खाली येत जाऊ, किती लहान चालतो ते बघू.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि या माणसाच्या खात्याचा मला पहिल्यांदा उपयोग झाला. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, “कौतुक लेखी दे.”

दुपारी आईंना दिवाणखान्यात आणून सोफ्यावर बसवलं. अविनाशने त्यांचा मोबाइल टीव्हीशी जोडला. मी नागपूरला कॉल लावला. आई पदर सावरून ताठ बसल्या होत्या, मुलाखतीला आल्यासारख्या. रिंग गेली, गेली, आणि मग टीव्हीचा तो सगळा भलामोठा पडदा उजळला, आणि त्यावर आला एक कान.

दुसरं काही नाही. कान. पाळीला वर्षानुवर्षांच्या कुड्यांनी लांबट झालेलं भोक, त्यात मोत्याची कुडी, वर पांढऱ्या केसांची बट, कडेला पदराची किनार. भिंतीएवढा कान, आणि त्या कानामागून मावशींचा आवाज आमच्या घरात घुमत होता : “हॅलो? शुभा? कोण बोलून राहिलं?”

अविनाशने तोंडावर हात धरला. मी आईंकडे पाहिलं. आई त्या कानाकडे पाहत होत्या. नवल नाही, हसू नाही. रोजच्या बसच्या पाटीवरचा नेहमीचा नंबर पाहावा तशा पाहत होत्या.

“मावशी, फोन समोर धरा, तोंडासमोर,” मी मोठ्याने म्हणाले.

“आँ? थांब, या कानात ऐकू येत नाही,” मावशी म्हणाल्या. पडदा गरगरला, छताचा पंखा दिसला, खिडकी दिसली, आणि मग आला दुसरा कान.

म्हणजे आईंनी ते सगळे आठवडे फोन जवळ, लांब, तिरका करून जे शोधलं होतं ते हे. लहान काचेत लहान कान, मोठ्या काचेत मोठा कान. मी उत्तम, भारीतला, सर्व जाणकारांनी वाखाणलेला टॅबलेट आणला असता, तर त्यावर मावशींच्या कुडीतला मोतीन् मोती मोजता आला असता.

फोन ठेवल्यावर मी आईंना विचारलं, “तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“ताईला सांगितलं होतं एकदा,” आई म्हणाल्या. “तोंड दाखव म्हटलं. क्षणभर दिसलं, त्यात ती म्हणाली, ऐकू येत नाही तर तोंड पाहून काय करशील?”

“मग?”

“मग काय? मोठी आहे ती. तिला कितीदा म्हणणार, तोंड दाखव, तोंड दाखव. बरं दिसते का ते?”

आणि तुम्ही ओठांवरून ओळखता, हे त्यांना का नाही सांगितलं, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आईंनी ते आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टीने माणूस तगून असतो ती तो सहसा बोलून दाखवत नाही, मोठ्या बहिणीला तर नाहीच. मावशींनी ते वाक्य निर्दयपणे म्हटलं नसणार. त्यांच्या दृष्टीने फोन ही कानाला लावायची वस्तू आहे, जसा चमचा तोंडात घालायचा असतो. आता त्यातून चित्रही येतं म्हणून कोणी चमचा डोळ्यांसमोर धरून बसेल का?

संध्याकाळी संध्या बँकेतून घरी आल्यावर मी तिला फोन केला. ती नागपूरच्या बँकेत आहे आणि दिवसभर घरी मावशी एकट्याच असतात. माझं ऐकून ती म्हणाली, “वहिनी, मी हजारदा सांगितलं. स्टँडसुद्धा आणला. सकाळी मी फोन स्टँडवर ठेवून जाते, आणि आमच्या आई तो वाजला की स्टँडवरून काढून कानाला लावतात. हात आपोआप जातो त्यांचा. मी काय करू?”

“आत्ता एक कर. तू फोन हातात धर, त्यांच्या तोंडासमोर. त्यांच्या हाती देऊच नको.”

आईंना मी त्यांचाच जुना मोबाइल दिला, तोच लहान काचेचा. या खेपेला टीव्ही नव्हता. मावशींचा चेहरा आला, सुपारीएवढा. त्या काही बोलल्या. आई जरा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, कवळी कुठे आहे तुझी?”

पलीकडे संध्या एवढी हसली की फोन हलला. मावशी म्हणाल्या, “वाटीत आहे. पण तुले कसं समजलं?”

“फू फू करून बोलून राहिली ना. चकली म्हणतेस की फुगडी, मला काय कळते? घाल आधी.”

मावशींनी कवळी घातली. मग जे सुरू झालं ते मी उभी राहून ऐकलं नाही, मला कणीक मळायची होती. पण स्वयंपाकघरात येत होतं तेवढ्यावरून चकल्यांचं भांडण पुन्हा निघालं होतं, पहिल्यापासून, दोन्ही बाजूंनी, मोठ्याने. रुसव्याचं कोणी नाव काढलं नाही. संध्याचे हात दुखून आले तेव्हा तिने फोन ठेवला.

आईंच्या मोबाइलला काहीही झालेलं नव्हतं. सगळी अडचण होती ती नागपूरच्या टोकाला, दुपारच्या त्या वेळी जेव्हा घरात फोन धरायला कोणी नसतं. “इंडेंट चुकीच्या खात्याने दिला होता,” मी अविनाशला सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. निवृत्तीनंतर प्रथमच त्याला समाधान झालेलं दिसलं. “मग सुधारित इंडेंट काय?” त्याने विचारलं.

ते मात्र मला रविवारी सकाळी, दात घासताना सुचलं.

दुकान उघडायच्या वेळी मी न्यू मार्केटात होते. दुकानदाराने ओळखलं आणि पुन्हा काळ्या काचा मांडल्या. मी रॅम विचारला नाही. “इनमें वज़न में सबसे ज़्यादा कौन-सा है?” असं विचारलं. तो गोंधळला. सगळे हलका मागतात म्हणाला. मी सगळ्यांत लहान टॅबलेट उचलला आणि कानाला लावला. लागत होता. बाजूला ठेवला. त्याच्याहून मोठा उचलला, तोही जरा तिरका केला की बसत होता. मावशींचा निश्चय मला माहीत आहे, हाही नको. तिसऱ्याला गाल आणि खांदा दोन्ही अडायला लागले. शेजारी कव्हर घ्यायला आलेल्या बाई मुलाला घेऊन जरा लांब सरकल्या. शेवटचा मी दोन्ही हातांनी उचलला, डोक्याशी धरून उभी राहिले, आणि थोड्याच वेळात मनगट भरून आलं.

“मैडम,” दुकानदार अगदी हळुवारपणे म्हणाला, “ये कान पे नहीं लगता.”

“वही देख रही हूँ, भैया. आवाज़ बड़ी आती है ना? पैक कर दीजिए.”

किंमत माझ्या अंदाजाच्या जरा वर गेली. परवडला, असं मी ठरवलं. बाहेर येऊन खोकं काखेत धरून उभी राहिले आणि तिथे पुन्हा शंका आली. टॅबलेट कानापाशी येणार नाही, हे खरं. पण कान टॅबलेटपाशी जाणारच नाही, याची काय हमी? मावशी त्याला टेबलावर ठेवतील, खुर्ची ओढतील, आणि वाकून कान लावतील. त्यांना फोन म्हटलं की त्या तेच करणार. मग हे जे एवढं विकत घेतलं ते कशासाठी?

मी तिथूनच संध्याला फोन लावला. ओळखीचे कोणी मंगळवारच्या गाडीने नागपूरला जाणार होते, त्यांच्या हाती खोकं देते म्हटलं, आणि पुढे म्हणाले, “संध्या, मावशींना हा फोन आहे असं अजिबात सांगू नकोस.”

“मग काय सांगू, वहिनी?”

“टीव्ही आहे म्हण. लहान टीव्ही, भोपाळहून आलेला, वाजला की हिरव्या खुणेवर बोट लावून सुरू होणारा. कपाटावर ठेव आणि समोर त्यांची खुर्ची मांड. टीव्हीला कोणी कान लावत नाही.”

“आणि त्यांनी विचारलं, यावर काय लागते, तर?”

“सांग, धाकटी बहीण लागते,” मी म्हणाले, आणि अवधपुरीची रिक्षा थांबवली.